उत्तम तबकडी कोणती, फसलेली कोणती?

एखाद्या गवयाचे सर्वांत उत्तम गाणे कोणते आणि सर्वांत फसलेले कोणते, हा प्रश्न चार रसिकांच्या बैठकीत टाकावा आणि आपण स्वस्थ बसून राहावे. पहिला चहा येईपर्यंत एकमत असते. दुसरा चहा निवत पडतो, आणि तिसऱ्याची आठवण कोणालाच राहत नाही. जगात जिथे जिथे गाणे ऐकले जाते तिथे तिथे हा वाद आहे. पण हुबळी-धारवाड या जोडशहरांत त्याला जी धार आहे ती मला अन्यत्र क्वचितच आढळली. दोन गावांमधले अंतर अवघे वीस किलोमीटरांचे. तेवढ्या टापूत आणि त्याच्या आसपासच्या खेड्यांत सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर, गंगूबाई हनगल, बसवराज राजगुरू यांच्यासारखी माणसे जन्मली आणि वावरली. तेव्हा तिथल्या रसिकाने वाद घालावयाचा नाही, तर कोणी घालावयाचा?

या वादाकडे रिकामटेकड्यांची करमणूक म्हणून पाहण्याची आपल्याकडे रीत आहे. मला तसे वाटत नाही. गवयाचा इतिहास आपण लिहितो. घराण्यांच्या वंशावळी मांडतो. पण ऐकणाऱ्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही. तो लिहावयाचा झाला, तर त्याची कागदपत्रे या वादांतच सापडतील. कोणत्या काळी लोकांना काय गोड वाटले, काय कर्कश वाटले, आणि का वाटले, हे सांगणारा दुसरा साक्षीदार आपल्यापाशी नाही.

प्रथम हा कान घडला कसा ते पाहू. धारवाड आणि हुबळी १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती. घरात कानडी, कचेरीत आणि पेठेत कानडीच्या जोडीला मराठी, आणि गाण्याच्या बैठकीत हिंदुस्थानी बंदिशी, असा त्रिवेणी व्यवहार तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. मराठी संगीत रंगभूमीचे आद्य प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचा जन्म १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला, ही गोष्ट पुणेकर पुष्कळदा विसरतात. १८८० साली त्यांचे ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले, आणि पुढे मराठी नाटक मंडळ्यांचे मुक्काम या भागात पडू लागले. पदाला वन्समोअर देणारा प्रेक्षक तिथे तयार झाला. भास्करबुवा बखले यांनी काही काळ धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीतशिक्षकाचे काम केले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ म्हैसूर दरबाराकडे जाता-येता या वाटेने येत. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर हे हुबळीजवळच्या कुंदगोळचे. ते मराठी नाटकांतून गाजले आणि ‘सवाई गंधर्व’ झाले. एकाच गावच्या लोकांनी नाटकाचे पद, खाँसाहेबांचा ख्याल आणि मठातले वचनगायन अशी तीनही अंगे ऐकलेली. अशा माणसाला तुलना करावयास कोणी शिकवावे लागत नाही.

परंतु तुलना करावयाची तर गाणे पुन्हा ऐकावयास मिळाले पाहिजे. जुन्या काळी ते शक्य नव्हते. मैफल पहाटे उठली की गाणे संपले. उरे ती आठवण, आणि आठवण ही ज्याची त्याची खाजगी मालमत्ता. वादात जो वयाने मोठा आणि आवाजाने खणखणीत, त्याची आठवण खरी ठरे.

ही स्थिती तबकडीने पालटली. १९०२ साली कलकत्त्यात गोहरजान हिचे गाणे ध्वनिमुद्रित झाले, आणि पुढील तीस वर्षांत ग्रामोफोन पेठेपेठेत पोचला. आमच्याकडे त्या तबकडीला ‘प्लेट’ म्हणत. लाखेची काळी प्लेट, चावीचे यंत्र, वर कर्णा आणि दर खेपेला बदलावयाची पिन! आता वादात एक नवे शस्त्र आले. ‘तुम्ही म्हणता तसे नाही, लावून दाखवतो,’ असे म्हणता येऊ लागले. गरिबातला गरीब रसिकही दुकानासमोर उभा राहून तोच स्वर पुन्हा पुन्हा ऐकू लागला, आणि मोठ्यांच्या आठवणीला प्रथमच आव्हान मिळाले.

मात्र हे शस्त्र दुधारी होते. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन, फार तर साडेतीन मिनिटांची. ज्याला एक राग तासभर गाण्याची सवय, त्याने तो तीन मिनिटांत आटोपावयाचा. काहींना ते साधले, काहींना साधले नाही. जे साधले नाही ते गाणे वाईट म्हणावयाचे की यंत्र तोकडे म्हणावयाचे? हुबळी-धारवाडचे निम्मे वाद या एका प्रश्नाभोवती फिरतात.

सवाई गंधर्वांचेच उदाहरण घ्या. त्यांचा आवाज जात्या सुलभ नव्हता. तो कष्टाने कमावलेला होता. मैफलीत तो लागावयास वेळ घेई. आणि एकदा लागला, की मग श्रोत्यांना उठवत नसे, असे त्यांना ऐकलेले सगळेच सांगत. ज्या गवयाचा स्वर अर्ध्या तासाने उमलतो, त्याला तीन मिनिटे देणे म्हणजे आंब्याला मोहोर आला असता फळ मागण्यासारखे आहे. म्हणून मैफल ऐकलेला वृद्ध रसिक म्हणे, ‘रामभाऊंच्या तबकड्या म्हणजे नुसती सावली.’ आणि ज्याचा जन्मच १९५२ नंतरचा, म्हणजे रामभाऊंच्या निधनानंतरचा, तो म्हणे, ‘मला सावलीच मिळाली आहे, आणि त्या भैरवीच्या सावलीतही मला ऊन लागत नाही.’ दोघांचेही खरे. पहिला गाण्याविषयी बोलतो आहे, दुसरा वारशाविषयी.

उलट पक्षाचा पुरावाही याच मुलखातला आहे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी एका लहानशा तबकडीत मावली. ती ऐकून गदगचा एक शाळकरी मुलगा असा वेडावला, की १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात त्याने घर सोडले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. पुढे उत्तर हिंदुस्थान पालथा घालून तो ज्या गुरूपाशी येऊन ठेपला ते सवाई गंधर्व त्याच्या घरापासून फार दूर राहत नव्हते, हा दैवाचा विनोद! ‘तीन मिनिटांत काय गाणे होणार,’ असे म्हणणाऱ्याच्या पुढे भीमण्णांचे सारे आयुष्य उभे करता येते. तेव्हा तबकडी तोकडी हे विधानही सरसकट खरे नाही. खाँसाहेबांना ती पुरली, त्यांच्या शिष्याला ती पुरली नाही. दोष यंत्राचा नव्हे आणि गवयाचाही नव्हे. प्रत्येक गळ्याचे काळाशी असलेले नाते वेगळे, एवढेच.

आता मल्लिकार्जुन मन्सूर यांच्याकडे वळू. धारवाडजवळच्या मन्सूर गावी १९१० च्या अखेरच्या दिवशी त्यांचा जन्म झाला. नीलकंठबुवा मिरजकरांपाशी त्यांनी ग्वाल्हेरची तालीम घेतली. १९३० नंतरच्या दशकात त्यांच्या तबकड्या निघाल्या आणि खपल्याही. तरुण, तेजस्वी, वेगवान ताना घेणारा तो गळा आजही त्या तबकड्यांत ऐकू येतो. पुढे अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ यांची तालीम मिळाली. १९३७ साली मंजी खाँ गेल्यावर ती त्यांचे बंधू भुर्जी खाँ यांच्याकडे चालू राहिली. गाणे मुळापासून पालटले. एक ओळ संपता संपता दुसरी तिच्यात मिसळते, समेपर्यंत श्वास कोठे घेतला ते कळत नाही, असे ते नंतरचे गाणे.

धारवाडात या दोन मन्सूरांचे दोन पक्ष. एक पक्ष म्हणतो की आरंभीच्या तबकड्या म्हणजे कच्चा माल; ज्याला मन्सूर म्हणावयाचे तो मन्सूर त्यांत नाहीच. दुसरा पक्ष त्यांच्यावरच उलटतो: ‘तुमचे मन्सूर म्हणजे अनवट रागांचे प्रदर्शन. खट झाला, शिवमत भैरव झाला, एकनिषाद बिहागडा झाला. साधा यमन कधी ऐकला आहे का?’ आणि ज्याने त्यांचा यमन ऐकलेला असतो तो नुसता हसतो व काही बोलत नाही. वादात असा एक न बोलणारा माणूस असावा लागतो. तो नसला तर वाद भांडणावर जातो.

या ठिकाणी मला इतिहासकाराची बाजू घ्यावीशी वाटते. आरंभीच्या तबकड्या ‘वाईट’ ठरवून आपण बाजूस टाकल्या, तर मन्सूरांनी काय सोडले हे आपल्याला कधीच कळणार नाही. लोकप्रिय झालेला, खपणारा, टाळ्या मिळवणारा गळा एका माणसाने ऐन तारुण्यात मोडला आणि नव्या गुरूपुढे विद्यार्थी होऊन बसला. हा त्याग केवढा, याचे माप त्या जुन्या तबकड्यांतच आहे. उत्तरायुष्यातले उत्तम गाणे आपल्याला फळ दाखवते. तथाकथित फसलेली तबकडी किंमत दाखवते.

आणि आता या वादातले सर्वांत नाजूक प्रकरण. ते गंगूबाईंचे.

गंगूबाई हनगल यांचा जन्म ५ मार्च १९१३ रोजी धारवाडात झाला. आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीच्या जाणत्या गायिका. मुलीला हिंदुस्थानी गाण्याची ओढ आहे हे ओळखून, तिच्या कानावर दुसरा संस्कार होऊ नये म्हणून, या माउलीने स्वतःचे गाणे आवरते घेतले. मुलीच्या शिक्षणासाठी १९२८ साली कुटुंब हुबळीस आले. त्याआधी, १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, महात्माजींच्या उपस्थितीत स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींत गंगू होती. गाणे चांगले झाले. पण तिच्या मनात भीती होती ती वेगळीच. आपण गाणारणीच्या जातीच्या. जेवणाच्या वेळी आपल्याला निराळे बसवतील की काय, ही ती भीती. अकरा वर्षांच्या मुलीच्या मनात गाण्याच्या दिवशी हा विचार यावा, यावरून तिच्या वाटेवर काय काय पेरलेले होते याची कल्पना यावी.

१९३० नंतर तिच्या तबकड्या निघाल्या. त्यांवर नाव ‘गांधारी’. रागदारीच्या चिजा आणि त्यांच्या जोडीला मराठी भावगीते. आवाज उंच, बारीक, पाणीदार. महाराष्ट्रातल्या घराघरांत त्या तबकड्या वाजल्या. पुढे हुबळीहून कुंदगोळला आगगाडीने ये-जा करून तिने सवाई गंधर्वांची तालीम घेतली. एकेका पलट्यावर दिवसचे दिवस घालवणारी ती तालीम. आणि मग घशाचा विकार उद्भवला, त्यावर उपचार झाले, आणि आवाज उतरला. बारीक गळा गेला तो गेला. त्या जागी आला एक भरदार, खर्जातला, पुरुषी वाटावा असा स्वर. रेडिओवर नाव न ऐकता गाणे ऐकणाऱ्याची फसगत व्हावी असा.

दुसरी एखादी असती तर तंबोरा गवसणीत घातला असता. गंगूबाईंनी जो स्वर उरला त्यावर नवे गाणे उभारले. शुद्ध कल्याण, मारवा, भैरव, असे रुंद अंगणाचे राग त्या स्वराला शोभले. कन्या कृष्णाबाईंचा साथीचा आवाज आईच्या स्वराला उंचीची जोड देऊ लागला. २१ जुलै २००९ रोजी हुबळीस त्यांचे निधन झाले तेव्हा जगाने ज्या स्वराला निरोप दिला, तो हाच दुसरा स्वर.

येथे पक्ष पडले ते असे. जुन्या पिढीतला एक वर्ग म्हणे, ‘गांधारीच्या तबकड्या ऐका, नंतरचे ऐकवत नाही.’ नवी पिढी म्हणे, ‘गांधारीच्या तबकड्या गोड आहेत, पण त्या कोणाच्याही असू शकल्या असत्या, नंतरचे गाणे मात्र दुसऱ्या कोणाचे असणे शक्य नाही.’ वरवर पाहता हा रुचिभेद आहे. पण जरा खोल गेले की त्याखाली एक अवघड प्रश्न सापडतो. पुरुष गवयाचा आवाज वयाने फुटला, घोगरा झाला, तर आपण म्हणतो, ‘परिपक्व झाला.’ स्त्रीचा आवाज जड झाला तर आपण म्हणतो, ‘बिघडला.’ एकाच बैठकीत, एकाच तोंडाने, एकाच संध्याकाळी आपण ही दोन मापे वापरतो, आणि ते आपल्या ध्यानातही येत नाही. स्त्रीच्या गळ्याने गोडच असले पाहिजे, ही अट कोणत्या शास्त्रात आहे? ती शास्त्रात नाही. ती ऐकणाऱ्याच्या मनात आहे. गंगूबाईंच्या हे चांगले ध्यानात होते. मुसलमान गवई उस्ताद होतो, हिंदू गवई पंडित होतो, आणि केसरबाई, मोगूबाई मात्र शेवटपर्यंत बाईच राहतात, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे प्रसिद्ध आहे. ते त्यांनी हसत सांगितले असेल. ऐकणाऱ्याने मात्र हसून सोडू नये.

मी स्वतः पुष्कळ वर्षे पहिल्या पक्षात होतो, हे कबूल केले पाहिजे. आमच्या घरी गांधारीची एक तबकडी होती, आणि तिची गोडी बालपणाच्या गोडीत मिसळली होती. नंतरचा आवाज मला परका वाटे. पुढे केव्हातरी पहाटे रेडिओवर तोच परका आवाज भैरव गाताना ऐकला, आणि आपण इतकी वर्षे गाणे ऐकत नव्हतो, आपले बालपण ऐकत होतो, हे उमगले. रसिकाने आपल्या आवडीची अशी झडती अधूनमधून घ्यावी. ‘मला हे उत्तम वाटते’ या वाक्यात ‘उत्तम’ किती आणि ‘मला’ किती, ते तोलून पाहावे.

रेडिओचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ८ जानेवारी १९५० रोजी धारवाडचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि या वादांना आणखी एक वळण मिळाले. तबकडी ज्याच्या त्याच्या घरची. नभोवाणीचे गाणे साऱ्या गावाने एकाच वेळी ऐकलेले. रात्रीच्या गाण्याची चर्चा दुसऱ्या दिवशी कचेरीत, कॉलेजात, रेल्वेच्या कारखान्यात एकदमच सुरू होई. पण ते गाणे पुन्हा लावता येत नसे. म्हणजे साक्षीदार हजार आणि पुरावा एकही नाही! वादाला याहून सुपीक जमीन कोणती?

हे सारे आपल्याकडेच घडते असे मात्र नाही. इंग्लंडात १९७६-७७ च्या सुमारास ‘पंक’ नावाचा एक राकट, चढ्या आवाजाचा गानप्रकार निघाला. आपल्या ख्यालाशी त्याचे कसलेच नाते नाही. ‘द क्लॅश’ हा त्यातला एक नामवंत वाद्यवृंद. १९७७ च्या त्यांच्या पहिल्या संचातला कच्चा जोर हाच खरा, असे मानणारा एक पक्ष. १९७९ च्या ‘लंडन कॉलिंग’मध्ये त्यांनी नाना तऱ्हांची गाणी पचवली, तो त्यांचा कळस मानणारा दुसरा. आणि १९८५ साली, एक प्रमुख गायक-वादक दूर झाल्यानंतर निघालेला शेवटचा संच तर पुष्कळ चाहते हिशेबातच धरत नाहीत. पाहा, नावे बदलली, वाद्ये बदलली, वाद तोच. पहिले की नंतरचे? कच्चे की कमावलेले? आणि जे फसले ते त्या नावावर ठेवावयाचे की नाही? माणूस हुबळीचा असो की लंडनचा, प्रेम केले की तो याद्या करावयास बसतो.

याद्यांना माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्यांच्या परिणामाला. लाखेची तबकडी ठिसूळ. हातून पडली की गेली. घर बदलताना, वडील वारल्यावर कपाट उपसताना, कोणत्या ठेवावयाच्या आणि कोणत्या मोडीत घालावयाच्या हे ठरते ते याच याद्यांवरून. जी तबकडी सगळ्यांना उत्तम वाटते तिच्या प्रती शंभर घरांत राहतात. मग तिचे पुनर्मुद्रण होते, लांब तबकडी निघते, फीत निघते, आणि ती आता भ्रमणध्वनीतही येऊन बसली आहे. जी फिकी ठरली ती नाहीशी होते. पन्नास वर्षांनी एखादा नवा कान येतो, त्याला त्या फिक्या गाण्यात काही वेगळे ऐकू येण्याचा संभव असतो. पण तोवर ऐकण्यासारखे काही उरलेले नसते. आपला निकाल चुकला होता काय, हे तपासण्याची सोयच आपण नष्ट केलेली असते. न्यायाधीशाने निकालपत्राबरोबर पुरावाही जाळावा, तसे हे.

म्हणून, श्रोतेहो, वाद अवश्य घालावा. मोकळेपणाने, रात्र रात्र घालावा. ज्या गावात गाण्यावरून भांडणे होतात त्या गावात गाणे अजून जिवंत आहे असे समजावे. मात्र दोन पथ्ये पाळावीत. एखादे गाणे वाईट म्हणण्यापूर्वी ते तीन वेळा ऐकावे: एकदा गवयासाठी, एकदा यंत्राच्या मर्यादेसाठी, आणि एकदा स्वतःच्या कानाची परीक्षा म्हणून. आणि तिसऱ्यांदा ऐकूनही ते वाईटच वाटले, तर तसे खुशाल म्हणावे. पण ती तबकडी पुसून, पाकिटात घालून, जिथल्या तिथे ठेवून द्यावी.

आमच्या घरची गांधारीची तबकडी अजून आहे. तिला एक चीर गेली आहे, आणि दर फेरीला पिन तिथे अडखळते. मी आता दुसऱ्या पक्षात आहे. तरीही ती मी फेकलेली नाही.